पदर डाव्या खांद्यावर, गुंड्या उजव्या

प्रिय मावशी,

सविनय जयभीम.

तू गेलीस त्याला दिवाळीत वर्ष होईल. इतक्या दिवसांत तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नवं काही नव्हतं आणि शिळी बातमी तुला कधीच चालली नाही. आज मात्र ताजी बातमी आहे. तुझी फॅशन परत आली!

परवा प्राची पुण्याहून आली. तुझी नात ऑटोतून उतरली तीच मिरवत. अंगात विणलेला टॉप, मोरपंखी रंगाचा, बाह्या कोपरापर्यंत, गळा मानेला लागून, आणि खांद्यावर चार गुंड्या. फक्त उजव्या खांद्यावर. म्हणाली, "आई, हे एकदम नवीन आहे. तुझ्या दुकानात ठेव, बघ कसे खपतात." मी म्हटलं, "बाई, हे लातुरात मी तिसरीत असताना येऊन गेलंय." तिला वाटलं, आईची नेहमीची चेष्टा.

तिला पटवायचं म्हणून मी कपाटावरची तुझी पत्र्याची पेटी खाली काढली आणि पेपरातली तुझी चित्रं जमिनीवर पसरली. त्यात खांद्यावरच्या गुंड्यांचं ते चित्र सापडलं. किती वर्षांनी बघितलं मी ते! आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं, की तू आम्हा सगळ्यांना चांगलंच फसवलंस. मला, पेपरवाल्या आप्पांना, अख्ख्या लातूरला. आता तुझ्यावर रागवावं की काय करावं? आधी सगळं लिहून काढते, मग ठरवते.

तुला मी पहिल्यांदा नीट बघितलं ते दुष्काळात. हदगावला आमच्या विहिरीत खडक दिसायला लागला होता. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं मुरमाची गाडी कलंडली आणि तिचा उजवा हात खाली सापडला. एका हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. कोपर वाकेना, हात खांद्यापर्यंत जाईना, बोटं मिटेनात. दादा बैलांपाशी थांबले आणि आम्हा दोघींना त्यांनी एसटीत बसवून दिलं. मायला म्हणाले, तुझी मोठी बहीण लातूरला शाळेत चित्रकलेची बाई आहे, आपल्या लेकीला घेऊन तिच्याकडे जा.

तुझ्या दोन खोल्यांच्या दारात माय उभी राहिली आणि म्हणाली, "अक्का, तुझ्यावर ओझं घालून राहिले मी." तू काय म्हणालीस, आठवतं? "ओझं कशाचं? मला दोन्ही हातांनी स्वैपाक येत न्हाई, तुला एका हातानं येतो. फायदा माझाच हाय." आणि तिच्या हातातलं गाठोडं घेऊन तू आत गेलीससुद्धा. ना गळ्यात पडणं, ना रडणं. मला तेव्हा वाटलं, ही मावशी जरा कडकच दिसते.

मग मला तुझं खरं राज्य दिसलं. खिडकीजवळचं ते टेबल! शाळेतून आलीस की तू तिथं बसायचीस. आप्पांच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर 'ताईंसाठी' नावाची चौकट असायची. त्यात दर आठवड्याला विणकामाची एक कृती आणि शेजारी ते घातलेल्या बाईचं चित्र. कृती आप्पा कुठल्याशा पुण्याच्या मासिकातून उचलायचे. चित्र मात्र अस्सल लातूरचं, तुझ्या हातचं.

लाकडी ठोकळ्यावर लिनोचा मऊ, रबरासारखा तुकडा चिकटवलेला. ट्रेसिंग पेपर पालथा घालून तू त्यावर चित्र उतरवायचीस आणि मग कोरणीनं नको तेवढं काढून टाकायचीस. ठोकळ्यावर चित्र आरशातल्यासारखं कोरलं तर छापताना सुलट येतं, नाही तर बाई उलटी छापली जाते आणि त्याला उलटा ठसा म्हणतात, हे तू मला पहिल्याच दिवशी शिकवलंस. तरी खात्री म्हणून वेणीफणीचा आरसा ठोकळ्यासमोर धरायचीस. आरशातली बाई सुलट दिसली, की ठोकळा फडक्यात गुंडाळायचा आणि छापखान्यात जायचं. आरसा धरल्याशिवाय एकही ठोकळा तू घराबाहेर नेला नाहीस. हे मी ध्यानात ठेवायला हवं होतं, नाही का?

काय काय काढायचीस! चौकोनी गळा, व्ही गळा, मानेभोवती दुमडलेली उंच कॉलर, वेणीच्या विणीचे स्वेटर, कोपरापर्यंतचे विणलेले ब्लाऊज. आणि तुझ्या सगळ्या बायका नाकीडोळी आपल्या गल्लीतल्या. आप्पा म्हणायचे, "बाई, जरा शहरी चेहरा काढा की." तू म्हणायचीस, "मंग लातूर काय खेडं हाय का, आप्पा?" लातूरला खेडं म्हणायची त्यांची छाती नव्हती, सगळा पेपरच त्या अभिमानावर चालायचा.

पण दुष्काळात ते एकदा फारच वैतागले. छापखान्याच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "लोकांच्या आडाला पानी न्हाई, गुरं छावणीत हायेत, अन् आपण स्वेटर छापून राहिलो! लोक जोड्यानं मारतील आपल्याला." मी तुझ्या मागं उभी होते. मला वाटलं, संपली आपली चौकट. तू शांतपणे म्हणालीस, "आप्पा, पानी न्हाई म्हनून थंडी पडायची थांबली का? पहाटेपासून बाया आडावर रांगेत कुडकुडून राहिल्या. त्याच बाया तुमचं शेवटचं पान आधी वाचतात. तुमचा अग्रलेख कोन वाचतं ते तुम्हीच सांगा."

आणि त्या आठवड्यात तू काढलंस ते चित्र! जुने स्वेटर उसवून त्याच दोऱ्यात विणलेलं लांब बाह्यांचं ब्लाऊज, आणि ते घालून आडाच्या रांगेत उभी असलेली बाई. कंबरेवर घागर, चेहऱ्यावर आमच्यासारखं कोण असा तोरा. कंबरेवर रिकामी घागर घेतलेली फॅशनची बाई दुसऱ्या कुठल्या पेपरात कुणी बघितली असेल, मावशी? मी आजवर नाही बघितली. आणि या धंद्यात माझे केस पिकले.

घरातलं चित्र मात्र वेगळं होतं. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी तू मायला ब्लाऊज घालून द्यायचीस. माय भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. साडी ती डाव्या हातानं, काठ दातात धरून, एकटी नेसायची. त्यात कुणाला हात लावू द्यायची नाही. पण आखडलेला हात बाहीत जाईना, तिथं तिचं काही चालत नव्हतं. तुझी शाळा लवकर असली, की माय दिवसभर दादांचा ढगळ सदरा घालून घरात बसायची. दाराला कडी लावून.

तू एकदा तिला खांद्यावर बांधायचे बंद असलेलं ब्लाऊज शिवून दिलंस. बंद सोडले की खांदा पूर्ण उघडा, हात आत सरकवा, बंद बांधा. किती सोयीचं! मायनं ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि चुलीकडे फेकलं. "लुळीचे कपडे नगं मला. बाजारात गेले तर लोक आधी बंद बघतील, मंग हात बघतील, मंग अरेरे म्हनतील. त्यापरीस घरात बरी."

तू त्या ब्लाऊजचं मसोतं केलंस आणि त्यानं भाकरीचा तवा उतरवायला लागलीस. मला तेव्हा तुझा राग आला होता. समजावून सांगायचं सोडून ही बाई मसोतं काय करते! माय चांगली तिशीच्या आतली होती गं. अशीच दारं लावून बसणार होती का जन्मभर?

पुढं पाऊस झाला. दुष्काळ सरला. हदगावच्या विहिरीला पाणी आलं, दादांनी कपाशी लावली. माय मात्र दाराबाहेर पडेना. भाजी मी आणायची, दळण मी आणायचं. शेजारणी हाका मारून थकल्या.

आणि त्या हिवाळ्यात ते चित्र छापून आलं.

विणलेलं ब्लाऊज, अंगाबरोबर बसणारं, सुती दोऱ्याचं. खांद्यावर चार गुंड्या, गळ्यापासून बाहीपर्यंत ओळीनं. सगळं नेहमीसारखं सुरेख. फक्त शेजारच्या कृतीत लिहिलं होतं, गुंड्या डाव्या खांद्यावर. आणि चित्रात त्या होत्या उजव्या खांद्यावर.

उदगीरच्या एका निवृत्त गुरुजींचं कार्ड आलं. 'कृतीत डावा खांदा, चित्रात उजवा! वाचकांनी विश्वास कशावर ठेवायचा?' गुरुजी कुणासाठी विणत होते देव जाणे! पण आप्पांना ते फार लागलं. कार्ड घेऊन तडक आपल्या घरी आले. माय पडद्यामागं गेली. आप्पांनी कार्ड तुझ्यापुढं धरलं आणि विचारलं, "बाई, ठसा उलटा कोरला का काय?"

तू कार्ड वाचलंस, खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "हाव आप्पा. उलटाच कोरल्या गेला. चुकलं माझं."

मी तोंडाकडे बघत राहिले तुझ्या. तू? आणि उलटा ठसा? शाळेत एखाद्या मुलीनं असा ठसा कोरला तर तू तिला नवा तुकडा द्यायचीस आणि पहिल्यापासून बसवायचीस. आप्पा म्हणाले, पुढच्या अंकात शुद्धिपत्र टाकावं लागेल. तू म्हणालीस, "खुशाल टाका. माझ्या चित्राखाली कधी नाव न्हाई छापलं, चुकीखाली तरी छापा." आप्पांना ते झोंबलं. शुद्धिपत्र छापलं नाही, पण चौकटच बंद करून टाकली. इतक्या हिकमतीनं दुष्काळात वाचवलेली चौकट तू दोन वाक्यांत घालवून बसलीस! टेबलावर कोरण्या नुसत्या पडून राहायला लागल्या. तू त्या पुसून ठेवायचीस आणि वह्या तपासायला घ्यायचीस.

पण लातूरच्या बायकांनी कृती वाचलीच नव्हती. त्यांनी बघितलं होतं चित्र! आधी शाळेच्या मोठ्या बाईंनी उजव्या गुंड्यांचं ब्लाऊज घातलं. मग डॉक्टरीणबाईंनी. मग डाळ मिलवाल्यांच्या सुनेनं, काचेच्या लाल गुंड्या लावून. का नाही घालणार? डाव्या खांद्यावर पदर, गुंड्या त्याच्याखाली झाकून जाणार. उजव्या खांद्यावर त्या दिसतात! शिंपल्याच्या लावा, काचेच्या लावा, लेकीच्या जुन्या फ्रॉकच्या लावा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला म्हणे वाणापेक्षा खांद्यांचीच चर्चा जास्त झाली. गोलाईच्या बाजारातल्या दोऱ्याच्या दुकानदारानं आप्पांना जाऊन विचारलं, की बाया चित्र मागून राहिल्या आणि तुम्ही चित्रच कामून बंद केलं? झालं! उन्हाळा लागायच्या आत चौकट परत सुरू झाली.

आणि मायनं खिडकीतून हे सगळं बघितलं. रस्त्यानं जाणारे उजवे खांदे ती नुसती बघत बसायची. एकदा तुला म्हणाली, "अक्का, तुझ्या चुकीच्या चोळ्या लई दिसून राहिल्या रस्त्यानं." तू नजर वर न करता म्हणालीस, "हाव ना. चूक लवकर पसरते." असे कितीतरी दिवस गेले. मग एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता, अगदी सहज म्हणाली, "मला बी तसलंच एक इन."

दुसऱ्या दिवशी तू शाळेतून आलीस आणि तिच्या हातात ब्लाऊज ठेवलंस. जांभळं, पांढऱ्या चार गुंड्यांचं. मी केवढी खूश झाले! मावशीचे हात किती भराभर चालतात, असं गल्लीभर सांगत सुटले. एका दिवसात ब्लाऊज विणून होतं का, हा प्रश्न मला पडला नाही. आज स्वतः विणलेल्या कपड्यांचं दुकान चालवते मी, तरी हा प्रश्न मला परवापर्यंत पडला नाही!

माय आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. तू आणि मी बाहेर उभ्या. तू माझा खांदा इतका घट्ट धरला होतास, की मला ओरडावंसं वाटत होतं. आखडलेला हात आधी बाहीत, मग डोकं, मग डावा हात. आणि राहिल्या उजव्या खांद्यावरच्या गुंड्या. डावा हात उजव्या खांद्यावर किती सहज पोचतो, मावशी! हे लिहिता लिहिता मी आत्ता लावून बघितला.

दार उघडलं. माय बाहेर आली, पिशवी घेतली, चपला घातल्या आणि म्हणाली, "वांगी आनते. रंजू आनती ती बिनकामाची असतात." आणि गेली. एकटी, गोलाईत. तू लगेच टेबलापाशी जाऊन बसलीस आणि पाठमोरी होऊन कोरणीला धार लावायला लागलीस. कोरणीला आधीच चांगली धार होती. त्या दिवशीच्या भरताची चव अजून माझ्या तोंडात आहे.

पुढचं तुला माहीतच आहे. माय डाव्या हातानं लिहायला शिकली, बालवाडीत लागली. तिची पोरं एक दोन तीन चार शिकली ती तिच्या खांद्यावरच्या गुंड्यांवर. दादा सुगी झाली की येऊन राहायचे आणि म्हणायचे, "अक्काची चूक आपल्याला लाभली." आपल्या घरात हा शब्दच पडून गेला. कुणाचं काही चुकून भलं झालं, की म्हणायचं, उलटा ठसा लागला.

मग लातूर वेगळा जिल्हा झाला. काय दिवस होता तो! रस्त्यावर गुलाल, दुकानादुकानांतून पेढे, जो तो दुसऱ्याला 'आता आपण जिल्हेवाले' म्हणून सांगत होता. आप्पांनी विशेषांक काढला आणि पहिल्या पानावरचं चित्र तुझ्याकडे मागितलं. शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर! ठोकळा हातात देताना सगळ्या छापखान्यासमोर म्हणाले, "बाई, जिल्ह्याचं काम हाय, या खेपेला सुलटं कोरा." सगळे खो खो हसले. तूही हसलीस. म्हणालीस, "कोरते की, आप्पा."

का हसलीस गं? एक वाक्य बोलली असतीस तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. तुला काय उत्तर देता येत नव्हतं? तुला तर प्रत्येकाला उत्तर देता यायचं. पण त्या एका बाबतीत तू जन्मभर मान खाली घालून हसत राहिलीस, आणि आम्ही त्याला तुझा मोठेपणा म्हणत राहिलो. चुकीचाच मोठेपणा मोजला आम्ही!

नंतर ऑफसेटची छपाई आली, लिनो गेला, ठोकळे गेले. तू टाकाची निब घेऊन कागदावर काढायला लागलीस आणि कुरकुर केली नाहीस. विणकामाच्या सुया गेल्या, मशीनवरचं होजिअरी आलं. अंगाला ताणून बसणारे नायलॉनचे ब्लाऊज आले, तू म्हणालीस, "उन्हाळ्यात घालून दाखवा म्हनावं." वटवाघळासारख्या बाह्या आल्या, खांद्यात गाद्या भरलेले स्वेटर आले, कॉलेजच्या पोरींचे टी-शर्ट आले. मी दुकान टाकलं तेव्हा माझ्या पहिल्या जाहिरातीतली मुलगी तूच काढलीस. चुडीदारावर लांब टॉप आणि चेहरा पुन्हा आपल्याच गल्लीतला. शेवटी तर बेंबी दिसणारे टॉप आले. मी म्हटलं, आता मावशी काही बोलणार. तू चष्मा सारखा केलास आणि म्हणालीस, "दोरा वाचला. विकत जा."

तुझ्या शोकसभेत आप्पांचा मुलगा बोलला. भलं माणूस आहे, तुझ्याबद्दल मनापासून बोलला. आणि शेवटी त्यानं तीच गोष्ट सांगितली. सुमनबाईंनी एकदा ठसा उलटा कोरला आणि चुकून लातूरला फॅशन दिली! सगळा हॉल डोळे पुसता पुसता हसला. माय पहिल्या रांगेत होती. ती पदर नीट करत होती.

आता ऐक. परवा ते चित्र मी प्राचीपुढं धरलं आणि उलट्या ठशाची गोष्ट तिला सांगायला लागले. पोरीनं चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, चित्र उलटं छापलं असेल तर मग पदर डाव्या खांद्यावर कसा?"

मी चित्र उजेडात नेलं. मावशी, ठसा उलटा गेला असता तर बाई अख्खी उलटी झाली असती. गुंड्या उजवीकडे गेल्या तसा पदरही उजवीकडे गेला असता! पदर तर आपल्या जागी, डाव्या खांद्यावर. चित्र सुलट आहे. पहिल्यापासून सुलट होतं. तुला गुंड्या उजव्या खांद्यावरच हव्या होत्या, एका बाईला डाव्या हातानं लावता याव्यात म्हणून. आणि त्या एका बाईनं ते घालावं म्हणून तू आधी अख्ख्या लातूरला घालायला लावलंस!

आप्पांना ते दिसलं नाही. आयुष्यभर पदर बघूनही तो कुठल्या खांद्यावर असतो हे पुरुषांना सांगता येत नाही. पण मला? मी तर रोज पदर खांद्यावर घेते.

चित्र घेऊन मी पळतच मायकडे गेले. ऐंशीची झाली ती आता, ऊन खात अंगणात बसली होती. म्हटलं, "माय, हे बघ. यातल्या बाईचा पदर कुठाय?"

तिनं चष्माही लावला नाही. म्हणाली, "डाव्या खांद्यावर. असतो तिथंच."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"तव्हाच ठाव हुतं मला."

"चित्र बघून कळलं?"

"चित्र कशाला? आज सांगितलं अन् उद्या इनून तयार. बरं, अक्काचा हात चलाख, इनलं असंल म्हनलं. पन कालच्या कपड्याला डांबराच्या गोळ्यांचा वास कुठून यील? लई दिवस पेटीत पडलं हुतं ते माझी वाट बघत."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर मला घालता आलं असतं का? लुळीचेच झाले असते की मंग ते कपडे. अन् तिनं माझ्यापायी आप्पाची बोलनी खाल्ली, चौकट घालवली, ते सारं वाया गेलं असतं. तिला वाटलं, मला कळलं न्हाई. म्या कळू दिलं न्हाई. जिंदगीभर न्हाई." आणि मग पदर तोंडाला लावून ती रडली. तुझ्यामागं पहिल्यांदा. त्या हॉलमध्येसुद्धा रडली नव्हती.

तर ही खरी बातमी आहे, मावशी. आम्हाला फसवलंस म्हणून मी पत्र लिहायला बसले, पण सगळ्यात जास्त फसलीस ती तू! तुझं गुपित जिच्यापासून लपवलंस, तिच्याकडेच ते पहिल्या दिवसापासून होतं. एका घरात, एका चुलीवर, दोघी बहिणी पन्नास वर्षं एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत राहिलात. कशा गं तुम्ही दोघी! मला तुझा राग आला होता, पण आता कुणाकुणावर रागवू?

मग प्राची तिथं आली. मायनं डोळे पुसले, तिच्या खांद्यावरच्या गुंड्यांना हात लावला, टॉपची वीण दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाली, "मला बी तसलंच एक आन."

प्राची म्हणाली, "आजी, लगेच मागवते. दोन दिवसांत येईल."

"लगेच नगं," माय म्हणाली. "आधी थोडे दिवस पेटीत ठीव. डांबराच्या गोळ्या घालून."

मावशी, मी तुला शब्द देते. ती गोष्ट यापुढं कुणी चूक म्हणून सांगितली, तर मी सभेत उठून उभी राहीन. मायला विचारूनच सांगते, ती म्हणाली, "आता सांग सगळ्यास्नी, माझ्या हातासकट सांग." ते चित्र मी काचेत बसवायला दिलंय. दुकानात समोरच लावणार आहे, जिथं टॉप घ्यायला आलेली प्रत्येक पोरगी बघेल. खाली तुझं नाव, जे तुझ्या हयातीत कुणी छापलं नाही. आणि नावाखाली एकच ओळ:

चित्र सुलट आहे.

तुझीच,
रंजू